काटा मागे आल्यावर

४ जानेवारी

मामा,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि ऐकू आलेलं निम्मं पटत नाही. माती ठोकायच्या यंत्राशेजारी तीस वर्षं काढल्यावर बिचाऱ्या कानांनी तरी काय करावं.

तुमच्या जुन्या प्रयोगशाळेत मला चार महिने झाले. तुम्ही निवृत्त होऊन सहा वर्षं उलटली, पण इथे अजून तुमचंच राज्य आहे. दाबयंत्र तुमच्या शिष्याच्या ताब्यात आहे. तो तुमच्यासारखाच स्टूल भिंतीला टेकवून बसतो आणि इंजिनिअर माणूस समोर आला की तुमच्यासारखाच खिडकीबाहेर बघत उत्तर देतो. आम्ही नुसत्या पदव्या मिरवणारे आणि खरं काम तेवढं त्याला कळतं, असं त्याचं मत आहे. ते कुठून आलं हे मी विचारत नाही.

आता कामाचं. नदीकाठच्या बांधावरून जाणाऱ्या रस्त्याखाली सिमेंट मिसळलेल्या मातीचा थर घालायचा आहे. मागच्या वेळचा थर दोन वर्षांत तडकला, आणि तोही काही आधी न सांगता, बशी फुटावी तसा. म्हणून या वेळी मातीत सिमेंटबरोबर बारीक प्लास्टिकचे धागे घालून ती जास्त तग धरते का, हे पाहायचं काम माझ्याकडे आहे. धागे बोटाच्या पेराहून लहान आणि केसासारखे. शंभर किलो मातीला फार तर अर्धा किलो लागतात.

पहिले नमुने अठ्ठावीस दिवस ओलसर ठेवून तुटेपर्यंत दाबले. साध्या सिमेंट-मातीचे आकडे ९२, ८९, ९४. धाग्यांचे ९५, ९१, ९३. म्हणजे मुसळ केरात. एकतीस मार्चला आमच्या प्रमुख बाईंपुढे अहवाल ठेवायचा आहे. आकडे असेच राहिले तर धागे रद्द होतील आणि नुसतं सिमेंट वाढवतील, म्हणजे थर आणखी कडक आणि आणखी तडकणारा. तुमच्या हातून हजारो नमुने गेलेत. माझं काय चुकतंय ते सांगा.

तुमची भाची


१२ जानेवारी

बाईसाहेब,

पत्र वाचून करमणूक झाली. शंभर किलो मातीत अर्धा किलो केस, आणि त्यावर म्हणे रस्ता उभा राहणार. न्हाव्याच्या दुकानातला केर फुकट मिळतो, तोही घालून बघ.

हा विषय तुला कोणी दिला ते कळवलं नाहीस. ज्याने दिला त्याला तुझ्या घराण्याचा इतिहास ठाऊक नसणार. अठरा वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत एक गृहस्थ सिमेंटची रिकामी पोती उसवत बसायचे. विणलेली प्लास्टिकची पोती. त्यांचे दोरे काढायचे, कात्रीने कापायचे आणि मातीत घालायचे. टेबलाखाली पोत्यांचा ढीग, कपड्यांवर दोरे, चहात दोरे. मी त्यांचं नाव पोतेशास्त्री ठेवलं. आठवडाभरात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तेच म्हणायला लागले. ते गृहस्थ म्हणजे तुझे वडील. त्यांचेही आकडे हे असेच आले होते, त्यामुळे तुझे बघून मला काही धक्का बसला नाही.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. फुटलेला नमुना सुरीने उभा चीर. आत धाग्यांच्या गाठी दिसतील. तुम्ही शिकलेली माणसं पिशवी फाडता आणि मूठभर धागे एकदम ओतता, ते एकमेकांत गुंतून बसतात. जिथे गाठ तिथे माती नाही, आणि जिथे माती तिथे धागा नाही. माती आणि सिमेंट आधी कोरडं कालवायचं, मग पाणी शिंपडायचं, आणि मग धागे पिंजून चिमटीचिमटीने सोडायचे. कमरेचा काटा ढिला होतो, पण त्याला इलाज नाही.

माझ्या शिष्याबद्दल वाकडं बोलू नकोस. तो मी घडवलेला माणूस आहे. नमुना यंत्रात ठेवला की दाब वाढत जातो आणि काटा पुढे सरकतो. नमुना तुटला की काटा मागे येतो. मागे आला की यंत्र बंद करायचं, आकडा लिहायचा, पुढचा नमुना घ्यायचा. ‘काटा मागे आला की काम संपलं’ ही पाटी मी स्वतः रंगवून यंत्राच्या वर लावली आहे. दिवसाला चाळीस नमुने त्या पाटीमुळे व्हायचे, पदव्यांमुळे नाही.

ताईला माझा नमस्कार सांग.

मामा


३० जानेवारी

मामा,

नमुना चिरला. आत सुपारीएवढ्या तीन गाठी होत्या. तुमचं बरोबर निघालं हे लिहिताना हाताला किती त्रास झाला हे तुम्हाला कळणार नाही.

मग दोन दिवस फरशीवर बसून धागे पिंजले आणि तुम्ही सांगितलं तसे चिमटीने सोडले. काल बारा धाग्यांचे आणि बारा साधे असे नवे नमुने भरून ओल्या पेटीत ठेवले. शिष्य दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “वळणावर गेलात.” कोणाच्या, ते त्याने सांगितलं नाही. दुपारपर्यंत दोघातिघांनी मला ‘शास्त्रीणबाई’ म्हणून हाक मारली. मामा, तुम्ही ठेवलेलं नाव चांगलंच टिकाऊ निघालं. रस्ते मात्र तसे टिकले नाहीत.

विषय मला कोणी दिला नाही. मी मागून घेतला. मागच्या पत्रात हे मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण मग तुम्ही उत्तरच दिलं नसतं.

बाबांना मी विचारलं की त्या वेळी काय झालं होतं. ते म्हणाले, “जुनं झालं ते,” आणि चष्मा पुसत बसले. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मला एकीकडे नवरा आणि एकीकडे भाऊ, माझ्यापुढे हा विषय काढायचा नाही.” त्या अहवालानंतर बाबांची बदली भांडारात झाली आणि निवृत्तीपर्यंत ते पाइप आणि फावडी सांभाळत राहिले, एवढंच मला माहीत आहे. तेव्हापासून तुम्ही आमच्या घरी आला नाहीत आणि बाबा तुमच्याकडे. लहानपणी मला वाटायचं की तुमचं घर फार लांब आहे. नंतर कळलं की चालत वीस मिनिटं लागतात.

नमुने दाबले तेव्हा तुम्ही यंत्रावर होतात. मग तुम्हीच सांगा काय झालं ते.

भाची


८ फेब्रुवारी

अगं शहाणे,

म्हणजे मला शेंडी लावलीस. बापाचं राहिलेलं काम पुरं करायला निघालीस आणि सल्ला मागितलास तो मला. कौतुक आहे.

विचारलंच आहेस तर ऐक, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. भावोजींनी नऊ नमुने आणले होते. पाच साधे आणि चार पोत्याच्या दोऱ्याचे. साहेब स्वतः येऊन उभे होते, बाजूला सहा-सात जण जमले होते, कारण पोतेशास्त्र्यांचा तमाशा कोणालाच चुकवायचा नव्हता. साधे दाबले. मग दोऱ्याचे दाबले. आकडे सारखेच. एक तर साध्यापेक्षाही कमी भरला.

काटा मागे आला, मी यंत्र बंद केलं. भावोजी म्हणाले, “थांबवू नका, अजून चालू द्या.” मी म्हटलं, “नमुना तुटला, भावोजी.” ते म्हणाले, “तुटला, पण पडला नाही. दहा मिनिटं चालवा.” आता तूच सांग, दहा मिनिटं काय बघायचं होतं? मेलेल्याची नाडी किती वेळ धरून बसायची? मी तेच बोललो आणि सगळे हसले. साहेबही हसले. पुढच्या तिन्ही नमुन्यांना ते हेच म्हणाले आणि तिन्ही वेळा मी यंत्र बंद केलं. अहवालात ‘उपयोग नाही’ असं साहेबांनी लिहिलं. आकडे माझे होते आणि ते बरोबर होते. कोणीही पुन्हा तपासावेत.

त्यांचं म्हणणं असं की मी त्यांना मुद्दाम पाडलं. मला त्यांच्याशी काय वैर? ते पदवी घेऊन आले, दोन वर्षांत माझ्या वर जाऊन बसले आणि माझ्याच बहिणीशी लग्न केलं. एवढं सगळं मिळाल्यावर माणसाने एकदा हसणं सहन करायला काय हरकत होती?

तू विषय बदल. अजून वेळ आहे.

मामा


३ मार्च

मामा,

तुमचं मागचं पत्र मी चार वेळा वाचलं. बाबांनी अठरा वर्षांत जे सांगितलं नाही ते तुम्ही एका पानात सांगितलंत, आणि काय सांगितलंत ते तुम्हालाच कळलेलं नाही.

सव्वीस तारखेला अठ्ठावीस दिवस पुरे झाले. शिष्याने आधी साधे दाबले, ९० च्या आसपास. मग धाग्यांचे चार दाबले. या वेळी १०१, ९९, १०४, १०२, म्हणजे गाठी गेल्याचा थोडा फायदा दिसला. पण एवढ्याशा फायद्यासाठी कोणी धागे विकत घेणार नाही. पाचव्याला मी म्हटलं, “काटा मागे आला तरी बंद करू नका.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं. “मामांचा नियम आहे,” म्हणाला. मी म्हटलं, “मामा माझे आहेत.” तो म्हणाला, “नियम माझा आहे,” आणि नमुना काढून बाजूला ठेवला. मी साधारण अर्धा तास वाद घातला. तो खिडकीबाहेर बघत होता.

दुपारी तो जेवायला गेला तेव्हा मी दार लावून घेतलं आणि पाचवा नमुना स्वतः लावला. काटा १०३ पर्यंत गेला आणि मागे फिरला. माझा हात सवयीने बटणाकडे गेला होता, तो मागे घेतला. काटा ९० वर आला, ८० वर आला, ७० वर येऊन थांबला. पुढे दहा मिनिटं यंत्र दाबत राहिलं आणि काटा सत्तरीच्या खाली उतरला नाही. नमुना मधोमध फुगला होता, अंगभर बारीक तडे होते, पण एक ढेकूळ सुटलं नाही. मग एक साधा लावला. त्याचा काटा मागे फिरला तो थेट शून्यावर, आणि ताटलीत मातीचे चार तुकडे पडले.

मामा, धागे मातीला तुटण्याआधी फार मदत करत नाहीत. तुटल्यानंतर धरून ठेवतात. बांधावरच्या रस्त्याला नेमकं तेच हवं आहे, आणि तुमच्या पाटीमुळे ते आजवर कोणाला दिसलं नाही. बाबा अचूक तेच म्हणत होते: तुटला, पण पडला नाही.

शिष्य परत आला आणि त्याने यंत्र गरम लागतंय हे ओळखलं. त्याने प्रमुख बाईंकडे लेखी तक्रार केली की ठरलेली पद्धत मोडून आणि यंत्रचालक हजर नसताना मी चाचणी घेतली. बाईंनी तो आकडा बाद केला. म्हणाल्या, “नेहमीच्या माणसाने, नेहमीच्या यंत्रावर, उरलेले नमुने असेच शेवटपर्यंत दाबले तर मी मान्य करीन.” धाग्यांचे सात नमुने शिल्लक आहेत आणि नेहमीचा माणूस ऐकत नाही. तो फक्त तुमचं ऐकतो.

त्याला दोन ओळी लिहा. तुमचा नियम साध्या सिमेंट-मातीसाठी होता, धाग्यांना तो लागू नाही, एवढंच.

भाची


९ मार्च

एका नमुन्यावर उड्या मारू नकोस. दार लावून, चालकाला चोरून, जेवणाच्या सुट्टीत घेतलेली चाचणी मला सांगतेस? माझ्या वेळी असं करणाऱ्याला आम्ही महिनाभर गोदामात माती चाळायला बसवायचो.

माझ्या हाताखालून साठ-सत्तर हजार नमुने गेले. पाटी मी रंगवली तेव्हा तू शाळेत नाक पुसत होतीस. आता तुझ्यासाठी मी लिहून देऊ की मी रंगवलं ते चूक होतं? म्हणजे उद्या भावोजी ते पत्र दाखवत फिरायला मोकळे.

लिहिणार नाही.

मामा


१४ मार्च

मामा,

बाबा कुठेही फिरत नाहीत. गुडघ्यांमुळे ते फाटकापर्यंतही जात नाहीत. आणि मी हे करते आहे ते त्यांनी सांगितलेलं नाही. उलट मी यात पडू नये असंच ते म्हणाले होते. “तुझं नाव कशाला खराब करतेस,” म्हणाले.

सोबतच्या खोक्यात तो पाचवा नमुना पाठवते आहे. मेल्यावरही यंत्राने त्याला दहा मिनिटं मारलं आहे. तुमच्या हिशेबाने तो मुडदा आहे. दुसऱ्या पिशवीत साध्याचे तुकडे आहेत. ते आले तसेच पिशवीत भरले, मी काही केलेलं नाही.

मुडदा हाताने मोडून दाखवा. मोडला तर मी अहवालात ‘उपयोग नाही’ लिहीन आणि तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही. एकतीस तारखेला सतरा दिवस उरले आहेत.

भाची


२१ मार्च

भाचे,

खोकं आलं. पोस्टमनने विचारलं, “काय आहे, खेळणं?” मी म्हटलं, भाचीचा आचरटपणा.

तुझा नमुना दोन्ही हातांनी धरून पिळला. माझ्या हातात अजून ताकद आहे, माझ्या शिष्यमहाशयांना विचार. तडे वाढले, तुकडा पडला नाही. मग पायरीच्या कडेवर आपटला. तेव्हा दोन भाग झाले, पण सुटे झाले नाहीत. एक भाग माझ्या हातात आणि दुसरा त्या केसांवर लोंबत होता. मी तो तसाच धरून पायरीवर बसून राहिलो. शेजारीण विचारायला आली, बरं वाटत नाही का म्हणून. मी तिच्यावर खेकसलो. खेकसण्यासारखं तिने काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या पिशवीतला साध्याचा तुकडा मी हातात दाबला आणि त्याची पूड झाली.

गोष्ट अशी आहे की मी तीस वर्षं आकडा वाचला आणि नमुन्याकडे पाहिलं नाही. काटा मागे आला की माझे डोळे वहीत जायचे. त्या दिवशी ताटलीत भावोजींचे चार नमुने उभे होते. साध्यांसारखे विखुरले नव्हते, उभे होते. आणि ते मला दिसले होते, हे आज लिहून टाकतो. दिसले होते. पण खोलीतले सगळे माझ्या बोलण्यावर हसत होते आणि मला ते फार बरं वाटत होतं. पदवीवाल्याला एकदा तरी माझ्यापुढे गप्प बसावं लागलं होतं. मी चारही नमुने ताटलीसकट केराच्या पिंपात उलटे केले.

शिष्याला लिहिलेलं पत्र सोबत आहे. वाचून त्याच्या हातात दे. पोस्टाने पाठवलं तर तो म्हणेल मिळालंच नाही, तेही मीच शिकवलं आहे.

मामा


(सोबतचं पत्र)

अरे गाढवा,

नियम पाळतोस हे चांगलं करतोस. पण नियम मी केला तेव्हा मातीत धागा नव्हता. जिथे तुटल्यावर काही उरत नाही तिथे थांबायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. पाटी रंगवताना जागा कमी होती आणि अक्कलही.

उरलेले सात धाग्यांचे आणि तितकेच साधे एकाच दिवशी दाब. काटा मागे आला तरी हात बटणापासून दूर ठेव. दर मिनिटाला आकडा लिही, नमुना उंचीच्या पंधरा टक्के चेपेपर्यंत. एकेका नमुन्याला बारा मिनिटं लागतील. कंटाळा येईल. खिडकीबाहेर बघायचं नाही, नमुन्याकडे बघायचं.

पाटी उतरव. तिच्या जागी काय लिहायचं ते नवीन इंजिनिअर बाई सांगतील. त्यांचं ऐक. मी ऐकलं नाही म्हणून तुला सांगतो आहे.

तुझा गुरू (हे आता किती दिवस म्हणायचं ते तू ठरव)


१ एप्रिल

मामा,

शिष्याने पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, “अक्षर त्यांचंच आहे, पण ते असं लिहीत नाहीत.” दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी खाली होती.

सातही नमुने झाले. सातही शेवटपर्यंत उभे राहिले. सगळ्यात कमी आकडा ६४ वर थांबला. साध्यांपैकी एकही दीड मिनिटाच्या पुढे गेला नाही. चौथ्या नमुन्याला शिष्य स्टुलावरून उठून जवळ आला आणि वाकून बघू लागला. पाचव्यापासून त्याने स्टूल घेतलंच नाही. बाईंनी अहवाल मान्य केला. बांधरस्त्याचा पहिला दोनशे मीटरचा तुकडा धाग्यांचा होईल आणि दोन वर्षं पाहून मग पुढचं ठरेल. अजून काही जण शास्त्रीणबाई म्हणतात, पण आता थोडं सांभाळून.

अहवालाची प्रत मी बाबांच्या हातात दिली. त्यांनी आकड्यांचं पान काढलं आणि पहिलंच विचारलं, “यंत्र कोणी थांबवलं?” मी म्हटलं, कोणीच नाही. त्यांनी अहवाल मिटला, उठून आत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. आई म्हणाली, “अठरा वर्षं आधी झाला असता.”

तुम्ही केराच्या पिंपाबद्दल लिहिलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही. ते सांगायचं काम माझं नाही.

भाची


५ एप्रिल

भावोजी,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, आणि सुरुवात कशी करायची तेही सुचत नाही, म्हणून सरळ लिहितो.

त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तुटला पण पडला नाही. तुमचं खरं होतं. माझं अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं, मुलीने आधी तसंच धरलं होतं. पण तसं नव्हतं. चारही नमुने ताटलीत उभे आहेत हे मी पाहिलं होतं, आणि कोणी दुसऱ्यांदा बघू नये म्हणून मी ते पिंपात टाकले. दहा मिनिटांचा प्रश्न होता. त्या दिवशी आणखी काही कामही नव्हतं.

पोतेशास्त्री हे नाव मी ठेवलं. भांडारातली तुमची वर्षं माझ्यामुळे गेली. माझं इतकी वर्षं सगळ्यांना नावं ठेवून चाललं, आता स्वतःला ठेवायला एकही पुरेसं वाईट सापडत नाही. ताई दर महिन्याला एकटी माझ्याकडे यायची आणि परत जाताना जिन्यात थांबून म्हणायची, “तू चल ना.” मी म्हणायचो, त्यांना बोलवू दे. चूक माझी आणि बोलवायचं तुम्ही, असं मी म्हणायचो.

माफ करा.

तुमचा मेहुणा


१२ एप्रिल

राजश्री मेहुणे यांस,

पत्र पोचलं. पिंपाचं मला ठाऊक होतं. सगळे गेल्यावर मी ते उपसलं होतं. पण वरून कोणीतरी पाण्याची बादली ओतली होती आणि शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. बादली कोणाची हे विचारत नाही, तुमच्या पत्रात तेवढंच राहून गेलं आहे. तुमच्या बहिणीला हे कधी सांगितलं नाही आणि यापुढेही सांगणार नाही. तिला एकच भाऊ आहे.

माफी मागायला तुम्ही अठरा वर्षं घेतलीत. द्यायला मी किती घेईन ते आत्ता सांगता येत नाही. घाई करू नका, घाईचं फळ आपण दोघांनी पाहिलं आहे.

मुलीच्या अहवालाने माझं काही सिद्ध झालेलं नाही. तिचे धागे कारखान्यातले, नेमक्या मापाचे. माझे पोत्याचे दोरे चपटे आणि गुळगुळीत होते. मातीला ते धरतील की निसटतील, हे आजही कोणाला माहीत नाही. तुम्ही ते कळू दिलं नाहीत. तेव्हा मी बरोबर होतो असं पत्रात लिहून मला समजावू नका. मी चुकलोही असेन. पण ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे.

गेल्या आठवड्यात मी आणि मुलीने घरी बसून चार पोती उसवली. ५ तारखेला जुन्याच प्रमाणाने चार नमुने भरून प्रयोगशाळेत ठेवले आहेत. ३ मे रोजी अठ्ठावीस दिवस पुरे होतात. सकाळी दहा वाजता या. माझे गुडघे धरतात, तेव्हा वाटेत आमच्या घरावरून या आणि मला सोबत घेऊन चला.

यंत्र तुम्हीच चालवा. तुमच्याइतका स्थिर हात अजून तिथे कोणाचा नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो. थांबवायचं कधी ते मी सांगेन.